गोधड्यांखालचे पाच महिने

सरलाबाईंच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मी. शहाद्याच्या एका दवाखान्यात छापला गेलो. डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी बाळंतपणात अडकल्या होत्या. "सोमवारी दाखवायला या," म्हणून नर्सनं मला सरलाबाईंच्या हाती दिलं.

सारंगखेड्याला घरी येताच त्यांनी मला कॉलेजात शिकणाऱ्या लेकीपुढे, चेतनापुढे धरलं. "काय लिखेल शे?"

इंग्रजीतले लांबलचक शब्द चेतनाला उमगेनात. ओळखीचा एकच सापडला. "सिस्ट... म्हंजे गाठ शे, माय."

सरलाबाईंनी घाईघाईनं माझी घडी केली. त्यांची थोरली बहीण छातीतल्या गाठीनंच गेली होती. "तुन्हा बापले सांगू नको," एवढंच म्हणाल्या आणि मला गोधड्यांच्या तळाशी दडपलं.

त्या गाठी साध्या आहेत, हेही माझ्यात लिहिलं होतं. पण मला बोलता कुठं येतं?

पाळी आली की आठ-दहा दिवस अंगावरून जायचं. पोट धरून सरलाबाई गोधड्यांना टेकून बसत, तेव्हा त्यांचं कण्हणं मला ऐकू येई. चेतना विनवी, "माय, दवाखानामा चाल ना."

"मरनंच शे ते घरमा मरसू."

मला दडवल्याच्या पाचव्या महिन्यात पपईच्या शेतात त्या चक्कर येऊन पडल्या. तेव्हा चेतनानं मला ओढून काढलं आणि रडतच वडिलांच्या हाती ठेवलं. नवनीतभाऊ म्हणाले, "इतला दिन मले कसं नई सांगं?"

दवाखान्यात रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला वाचलं. "गर्भाशयाच्या तोंडावरच्या या गाठी पाण्याच्या फोडांसारख्या आहेत. बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतात. हा कॅन्सर नाही. रक्त जातंय ते अ‍ॅडेनोमायोसिसमुळे. गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच भिंतीत वाढलंय."

"गाठींमुळेच ना ते?" चेतनानं विचारलं.

"नाही गं. दोन्ही एकाच बाईत दिसतात, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं नसतं. याला औषध आहे. तेव्हाच आला असता तर..."

चेतनानं आईचे पाय धरले. "मन्हीच चूक, माय." त्या क्षणी मला फाटून जावंसं वाटलं. चूक तिच्या एकटीची नव्हती.

आता गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात आहे. मी फाईलमध्ये असतो. परवा शेजारच्या मीनाबाई आपला रिपोर्ट घेऊन आल्या. चेतनानं तो उघडलासुद्धा नाही. पायात चप्पल घातली. "मी नई वाचस, मावशी. चाल, डॉक्टरलेच इचारूत."

तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा दडवलेला असेल, तर त्याला आजच बाहेर काढा.