आक्षेपार्ह काही आढळले नाही

विचार मांडण्याचं स्वातंत्र्य माणसाला श्वासाइतकंच आवश्यक आहे — असं एक भारदस्त वाक्य लाल पेन्सिलीच्या टोकाकडे पाहता पाहता बाळकृष्णाच्या मनात तयार झालं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पेन्सिलीला टोकच नाही. तीन बोटं पेन्सिल उरली होती. भांडारातून नवी मिळायची ती जुनीचं थोटूक जमा केल्यावर, आणि थोटूक दोन बोटांहून लहान असलं तरच, नाहीतर भांडारातले चौबेजी ते उजेडाकडे धरून म्हणायचे, "अभी तो इसमें बहुत जान है, टेंबेजी." तेव्हा श्वासाचं नंतर पाहू. त्याने खणातून अर्धं ब्लेड काढलं आणि टोक करायला घेतलं — सावकाश, गोल फिरवत, लाकडाची साल एकसंध उतरेल अशा बेताने — कारण टोक होईपर्यंत समोरच्या फायलीकडे पाहायची गरज नव्हती.

फाइल मराठी मंडळाच्या गणेशोत्सव अंकाची होती. साल शहात्तर, आणीबाणीला वर्ष उलटून गेलेलं. मिसरोदच्या अलीकडे माळावर वसवलेल्या या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत काहीही छापायचं तर आधी कार्मिक विभागाची मंजुरी लागायची, मग ती भजनाची पत्रिका असो की हरवलेल्या म्हशीचं निवेदन. मंडळाचे सचिव वसंतराव शिस्तीचे, त्यांनी हस्तलिखिताची नक्कल करून ती छापखान्यासाठी ठेवली आणि मूळ कागद कार्मिकला दिले. अडचण इतकीच की कार्मिकमध्ये मराठी कोणाला येत नव्हतं. अक्षरं कळायची, अर्थ लागायचा नाही. आणि अर्थ न लागणाऱ्या मजकुराइतका संशय दुसऱ्या कशाचा येत नसतो. म्हणून काल, सोमवारी, कार्मिकचे प्रमुख सक्सेनासाहेब स्वतः नकाशा विभागात आले होते.

"टेंबेजी, आपका तो काम ही है चेक करना. पढ़ लीजिए, और लिख दीजिए कि आपत्तिजनक कुछ नहीं है. हो, तो काट दीजिए."

"मैं ही, साहब? मराठीवाले तो और भी बहुत..."

"मराठीवाले बहुत हैं. चेकर आप हैं." साहेब जायला वळले, पुन्हा थांबले. "कल शाम तक. आपके प्रमोशन का कागज भी मेरी ही टेबल पर है, याद है मुझे."

ही धमकी नव्हती. सक्सेनासाहेब खरोखरच सगळं आठवणीत ठेवणारे गृहस्थ होते, आणि हीच तर...

टोक झालं. फार सुरेख झालं. आता सतरावं पान.

सतराव्या पानावर 'सायकल' नावाचा लेख होता. लेखक — 'एक शेजारी'. आणि एक शेजारी म्हणजे बी-पंधरा क्वार्टरमध्ये राहणारा, नकाशा विभागाचा वरिष्ठ तपासनीस, म्हणजे ज्याच्या हातात आत्ता लाल पेन्सिल होती तो, म्हणजे मी. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक झडपेच्या नकाशावर उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढला, तपासला, मंजूर. तिन्हींत तीन वेगळ्या माणसांच्या सह्या. काढणाऱ्याने तपासायचं नाही हा नियम एकोणीस वर्षांत त्याने एकदाही मोडलेला नव्हता, आणि नियमाचं कारणही त्याला पाठ होतं — माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. इथे मात्र चूक दिसत होती. प्रत्येक ओळीत दिसत होती, कारण ती मुद्दाम केलेली होती.

काल रात्री बायकोला, निर्मलेला, सांगावं असं वाटलं होतं. मग वाटलं, तिने विचारलं असतं, 'पण तुम्हाला लिहायला कोणी सांगितलं होतं?' आणि ह्याला उत्तर होतं, पण ते कुंपणापलीकडे राहत होतं.

बी-चौदा. दत्तात्रय विष्णू बिवलकर, युनियनचा चिटणीस, गणपतीत पेटी वाजवणारा, पाळीच्या भोंग्यानंतर रोज बाळकृष्णाबरोबर सायकलवर घरी येणारा. तेरा महिन्यांपूर्वी, जुलैमध्ये, त्याला नेलं. आधी जुन्या शहरातल्या कोठडीत होता म्हणे, मग आणखी कुठे. वसाहतीत तेव्हापासून एकच शब्द रूढ झाला — बाहेरगावी. बिवलकर बाहेरगावी आहेत. दूधवाला म्हणायचा, वसंतराव म्हणायचे, निर्मलाही म्हणायची, आणि म्हणताना सगळ्यांचा स्वर असा असायचा की जणू दत्तू कुठे लग्नाला गेलाय आणि जेवणं लांबलीयत. हळूहळू तेही कमी झालं. नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर बाहेरगाव तरी कशाला लागतंय.

फक्त दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून पंपाचा आवाज यायचा. सिंधूवहिनी दत्तूच्या सायकलीत हवा भरायच्या. चालवायची कोणी नाही, पण आठवडाभरात हवा जायची, आणि त्या भरायच्या — फुस्, फुस्, मध्येच थांबून, दम खाऊन — आणि भिंतीअलीकडे बाळकृष्ण दाढीचा ब्रश हातात धरून मोजायचा. चाळीस-पंचेचाळीस दाब. 'वहिनी, द्या मी भरतो' हे वाक्य तेरा महिन्यांत त्याने निदान पन्नास वेळा मनात तपासून मंजूर केलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी मागच्या अंगणात त्यानेच, काय झालं कोण जाणे, सिंधूवहिनी कपडे वाळत घालत असताना सांगून टाकलं.

"वहिनी, अंकासाठी काहीतरी लिहिलंय. दत्तूवर."

त्या हातातला पंचा पिळत राहिल्या, कोरडा झाला तरी. मग म्हणाल्या, "नाव घातलंत ह्यांचं?"

"तसं सरळ नाही. म्हणजे, वाचणाऱ्याला कळेल."

"घाला हो भाऊजी. पूर्ण घाला, दत्तात्रय विष्णू बिवलकर. नुसतं दत्तू लिहिलं तर लोक म्हणतील, पेटीवाला. परवा रेशनच्या रांगेत एक नवीन बाई मला विचारत होती, तुम्ही एकट्याच असता का."

आणि त्याने नाव घातलं होतं. पहिल्याच ओळीत. त्या क्षणी फारच सोपं वाटलं होतं ते. घरात, उजेडात, चहाचा कप शेजारी ठेवून...

"काय टेंबे, साहित्य तपासताय म्हणे?" ट्रेसिंगच्या टेबलावरून श्याम पुराणिक आला होता. ग्वाल्हेरचा, बाळकृष्णाबरोबरच लागलेला, दर अंकात एक कविता देणारा. "माझ्या कवितेला हात लावू नका बरं. तिच्यात नुसता मोगरा आहे."

"मोगरा पास केला."

"आणि सुगंध?"

"सुगंधाचं वरून विचारावं लागेल."

श्याम हसला, मग टेबलावर वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "आणि तो सतराव्या पानावरचा शेजारी कोण हो? वसंतरावांनाही माहीत नाही म्हणतात. लिफाफा दारातून सरकवलेला. धाडसी आहे, किंवा मूर्ख. तुम्ही कापणारच ना?"

"बघतोय."

"बघायचं काय त्यात? ठेवलंत तर उद्या विचारतील, टेंबे, हे पास कोणी केलं. शेजारी राहील बाजूला आणि तुम्ही..." त्याने हाताने खिडकीबाहेरचा रस्ता दाखवला, हबीबगंजच्या पोलीस ठाण्याच्या दिशेचा. "तुमची तर सही असणार."

तो गेला. अगदी बरोबर बोलून गेला. कापलं तर रविवारी भिंतीपलीकडे पंप. नाही कापलं तर तपासणाऱ्याची सही, आणि कोणी अक्षर ताडून पाहिलं तर काढणाऱ्याचीही. आपणच बांधलेल्या खोलीत आपणच दोन दारं ठेवली आणि दोन्हींना बाहेरून कडी. बाळकृष्णाने पेन्सिल उचलली. पहिली ओळ — 'दत्तात्रय विष्णू बिवलकर यांना तेरा महिन्यांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या वळणावरून जीपमध्ये घालून नेले. सायकल मागे राहिली.' पेन्सिलीचं टोक 'नेले'वर थांबलं. 'बाहेरगावी गेले' असं केलं तर? अर्थ तोच. म्हणजे, वसाहतीत तरी तोच. टोक पुढे सरकलं, नावावर आलं. नुसतं 'एक सहकारी' केलं तर...

रेशनची रांग. तुम्ही एकट्याच असता का.

त्याने पेन्सिल खाली ठेवली. भीती होती, पण ती आता ताठ बसली होती. नाव राहील. 'नेले'ही राहील. सायकलीत दर रविवारी हवा भरली जाते, ते वाक्य राहील. 'कोणत्या गुन्ह्यासाठी हे कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची पाळी कोणाची हे ठरले नव्हते', तेही राहील. एकेका वाक्यापाशी थांबून, मान हलवून तो पुढे जात होता, आणि प्रत्येक वाक्यागणिक आपण जरा उंच होतोय असं त्याला वाटत होतं. असे लोक असतात तर! नकाशा विभागात, तिसऱ्या टेबलावर. प्रमोशन गेलं खड्ड्यात. मी, बाळकृष्ण टेंबे...

शेवटचं वाक्य आलं.

'त्याच्या मागून वीस पावलांवर येणारा मित्र त्या वेळी उतरून सायकलची साखळी बसवत होता. साखळी पडलेली नव्हती.'

हे मी कधी लिहिलं?

लिहिलं होतं. त्याच अक्षरात, त्याच ओघात, बहुधा हात चालला होता म्हणून. टाकीच्या वळणावर जीप उभी दिसली तेव्हा हातांनीच ब्रेक लावला, डोक्याने नाही. तो उतरला, खाली बसला, दोन बोटांनी साखळी चाचपत राहिला. घट्ट, तेल घातलेली, आदल्याच दिवशी ओढलेली साखळी. आणि पुढे दत्तू थांबला. एक पाय रस्त्यावर टेकून मागे वळला. 'पडली का रे बाळ्या?' तो ओरडला, 'थांबतो मी.' बाळकृष्णाने मान हलवली — हो. पडली. दत्तू थांबला, म्हणून जीपला फार लांब जावं लागलं नाही. नाही तरी नेलंच असतं. पुढच्या वळणावर नेलं असतं, घरून नेलं असतं, वहिनींसमोर नेलं असतं, ते जास्त वाईट झालं असतं नाही का... हे सगळं खरं होतं आणि तेरा महिने तपासून झालेलं होतं. बोटांना तेल मात्र लागलं होतं. घरी जाऊन त्याने साबणाने दोनदा हात धुतले, निर्मला म्हणाली, साखळी पडली वाटतं. तो म्हणाला, हो.

बाळकृष्णाने वाक्य पुन्हा वाचलं. आता तपासनिसाच्या नजरेने. वाक्य सैल होतं. भावनेच्या आहारी जाणारं. लेख सायकलीवर आहे आणि इथे उगाच भलताच माणूस घुसतो. वाचणाऱ्याचं लक्ष दत्तूवरून उडून त्या मागच्याकडे जातं, आणि हे दत्तूवर अन्यायकारक आहे. लेख हवा भरण्यापाशी संपला तर जास्त परिणामकारक. कोणीही जाणकार हेच म्हणेल. यात सरकारचा काही संबंध नाही, कोणाच्या दडपणाचा नाही, ही निव्वळ शैलीची बाब आहे. लाल पेन्सिलीने त्याने वाक्यावर एक रेघ ओढली. मग दुसरी, खालचं अक्षर दिसू नये म्हणून. मग टोक मोडेपर्यंत.

फॉर्मवर त्याने हिंदीत लिहिलं: 'एक वाक्य हटाया गया. शेष में आपत्तिजनक कुछ नहीं पाया गया.' 'तपासला'च्या चौकटीत सही केली. सही छान आली.

पाच वाजता तो फाइल घेऊन कार्मिकमध्ये गेला. सक्सेनासाहेब निघायच्या तयारीत, डब्याची पिशवी हातात. त्यांनी फॉर्म घेतला, उलटला, मागच्या बाजूला पंचिंग मशीन दाबलं. मागच्या बाजूला 'मंजूर'ची चौकट होती, आणि तिच्यात सक्सेनासाहेबांची सही आधीच होती. तारीख आठ दिवसांपूर्वीची, मागच्या सोमवारची.

"साहब, ये तो..."

"हां, वो मैंने तभी कर दिया था. वसंतराव पीछे पड़े थे, प्रेसवाले को देना था. अब ऑडिट वाले आएंगे तो बीच का कॉलम खाली नहीं दिखना चाहिए." त्यांनी टेबलावरून एक पातळ अंक उचलून पिशवीत टाकला. मुखपृष्ठावर गणपती, निळ्या शाईत. "अच्छा छपा है. आज दोपहर में बंट भी गया, हर क्वार्टर में एक. आपके यहां भी आया होगा." मग फॉर्मकडे पाहून म्हणाले, "वाक्य कौन सा काटा?"

"कुछ नहीं, साहब. स्टाइल का था."

"वही तो. आप लोगों की भाषा आप ही जानें."

बाहेर ऊन उतरलं होतं. भोंगा होऊन गेला होता, सायकलींचा लोंढा पुढे निघून गेला होता, आणि बाळकृष्ण एकटाच, सावकाश पॅडल मारत, मनातल्या मनात मोजत होता की दुपारी अंक वाटला, म्हणजे तीन-साडेतीन... जेवणं झाल्यावर बायका जरा आडव्या होतात, तेव्हा वाचायला घेतात... लेख लहान आहे, सहा मिनिटांचा... पहिल्या ओळीत नाव. नाव आलं आहे. निदान तेवढं तरी. आणि शेवटच्या ओळीत... त्याला वाटलं होतं की आता आपल्याला भीती वाटेल, आणि ती शोधायला तो आत शिरला. पण आत होतं ते काहीतरी वेगळंच, वीस पावलं मागे राहिलेलं, त्याच्याकडे पाठ करून खाली बसलेलं. वर बघ, तो त्याला म्हणाला. ते बघेना.

पाण्याच्या टाकीचं वळण आलं. इथून बी-चौदाचा व्हरांडा दिसतो. सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि सिंधूवहिनी पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर काहीतरी पांढरं उघडं होतं. त्यांनी मान वर केली.

बाळकृष्ण उतरला आणि सायकलीपाशी खाली बसला.

साखळी जागेवरच होती.