पार्बताबाईंचा घास

आमच्या अमरावतीच्या वाचनमंडळात या महिन्यात कौशल्याताईंनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक जाडजूड कादंबरी लावली. चर्चा त्यांच्याच घरी, विलायती थाटाच्या जेवणावर. मेणबत्त्या, काटे-चमचे, सूप, उकडलेले बटाटे. डोक्यावर लेसची टोपी घालून ताई स्वतः वाढत होत्या.

थाट उगाच नव्हता. शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्या पार्बताबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या मुलाला, रोहितला, ताईंना आपली मुलगी वर्षाली द्यायची होती. वर्षालीला नुकतीच अकोल्याला नोकरी लागलेली, आणि ती सोडायची ही तिकडची अट. पोरगी नाही म्हणत होती, पण घरात ऐकतो कोण?

आमच्याकडे सोयरीक ठरल्याशिवाय मुलाकडचे मुलीच्या घरी जेवत नाहीत. चहा घेतील, पण घास घेतला की होकार. म्हणून ताईंनी पुस्तकाचं निमित्त काढलं. सोयरीक कुठे, चर्चा आहे, जेवा!

कादंबरीतली पोरकी मुलगी भरल्या टेबलावर बड्या जमीनदाराला नकार देते. त्या प्रसंगाला ताईंनी डोळे पुसले. "काय हिंमत पोरीची! आपल्या मुलींनी शिकावं." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही स्त्रीस्वातंत्र्यावर बोलले. एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही.

पार्बताबाईंचं सूप निवत चाललं होतं. चमचा हातात होता, तोंडाकडे जात नव्हता. ताईंचा सगळा जीव त्या चमच्यात.

"घ्या ना, विहीणबा..." ताईंनी जीभ चावली. "घ्या ना, बाई."

"घेतो ना," म्हणत पार्बताबाई वर्षालीकडे वळल्या. "पुस्तकातल्या पोरीले इचारलं तरी. तुले कोनी इचारलं का नाही, मले मालूम नाही. सांग बाई, घेऊ मी घास?"

वर्षालीनं एकदा आईकडे पाहिलं.

"नका घेऊ, मावशी."

"अवो बाई, पाहुण्याले कोनी जेवू नका म्हनते काय!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडले. बाकीच्यांनी कपाळाला हात लावले.

पार्बताबाईंचा चेहरा उतरला. "मले तं पोरगी लय पसंत होती," त्या म्हणाल्या. मग सुपाची वाटी त्यांनी बाजूला सारली. "जाऊ दे. आता सोयरीक नाही, मी नुसती पाहुनी. भाकर असंल तं आन वं माय. सकाळी निघाली तवापासून उपाशी हाओ."

वर्षाली धावत आत गेली. भाकरी, झुणका, ठेचा आला आणि बाई पोटभर जेवल्या. ताई मात्र सुपासमोर तशाच बसून राहिल्या.

निघताना त्यांच्या डोक्यावरची टोपी मीच काढली. "जाऊ द्या ताई," मी म्हटलं, "हिंमत केली पोरीनं. पुस्तकातल्या पोरीसारखी."

"त्या पोरीचं काय सांगतं मले?" ताई एकदम आपल्या बोलीवर आल्या. "तिले नाही म्हनाले काय लागते? तिले माय कुठी होती?"