सहापैकी किती

…काळं, बोटभर, आणि त्याला कुणाचा तरी एक लांब केस अडकून राहिलेला. हिराइवांच्या नूडल्सच्या दुकानात व्हिनेगरच्या बाटलीशेजारी एका बशीत केसांची रबरं ठेवलेली असतात, वाडग्यावर वाकणाऱ्या बायकांचे केस सूपमध्ये पडू नयेत म्हणून. त्यातलंच हे एक सुझुनं उचललं होतं, मनगटात घातलं होतं, काढलं होतं, पुन्हा घातलं होतं. आता ती ते ताणत होती आणि सोडत होती. चट्ट. पुन्हा चट्ट. म्हणजे तसा आवाज होत असावा. कानाएला तो ऐकू आला की नुसता दिसला, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. सुझु मात्र प्रत्येक चट्टला डोळे मिटत होती. पण डोळे काय, लागेल या भीतीनंही मिटतात… हे धरायचं की नाही धरायचं?

सकाळपासून असंच चाललं होतं. जे दिसेल ते, सुझुला ऐकू येतं याचा पुरावा म्हणून, धरायचं किंवा सोडायचं.

पिशवीत फॉर्म होता. उद्या साडेनऊला आरोग्य केंद्रात सुझुची तीन वर्षांची तपासणी, आणि त्याआधी आईनं घरीच घ्यायची ही चाचणी: मुलापासून मीटरभर लांब बसा, कागदानं तोंड झाका, ओठ दिसता कामा नयेत, आणि कुजबुजत्या आवाजात एकेक शब्द म्हणा. कुत्रा. बूट. छत्री. हत्ती. मांजर. खुर्ची. मूल त्या त्या चित्रावर बोट ठेवतं का ते पाहा, आणि सहापैकी किती जमले तो आकडा चौकोनात भरा. कुजबूज म्हणजे नेमकी किती हळू, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठ वाजता चार आले. छत्री नाही, खुर्ची नाही. अर्ध्या तासानं तिनं पुन्हा सुरुवात केली तेव्हा एकही नाही. सुझु नुसती टक लावून कागदाकडे बघत बसली, जणू कागदामागे आई नव्हतीच. चौकोनात पेन्सिलीनं लिहिलेला चार कानाएनं खोडला. खोडलेला चार अजून दिसत होता.

"ऐकू येत नसतं तर फ्रिज उघडल्याबरोबर धावत आली असती का गं?" शुहेई मोजे चढवता चढवता हसून म्हणाला होता, आणि कामावर गेला होता. नवऱ्यांना हसून जाता येतं. सासूबाई फोनवर हसल्या नव्हत्या. "नाव ठेवलंत सुझु, म्हणजे घंटी, आणि हाक मारली तर ही ढिम्म!" एवढंच म्हणाल्या होत्या, आणि मग लगेच मुळ्याच्या लोणच्याबद्दल बोलू लागल्या होत्या.

"इथे नको, तिथे," सुझु गल्ल्यापलीकडच्या उंच स्टुलांकडे बोट दाखवत होती. तिथे बसलं की हिराइवा आजोबा काम करताना दिसतात, उकळतं भांडं दिसतं, वाफ दिसते. कानाएनं तिला मुद्दाम खिडकीजवळच्या टेबलाशी, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसवलं होतं. का, ते पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. पाठीमागून येईल तेच खरं — समोरचं काय, डोळ्यांनाही ऐकू येतं.

"आज इथेच बसू या. खिडकी आहे बघ."

"खिडकी घरी पण आहे."

हे उत्तर तिनं आईच्या तोंडाकडे बघून दिलं होतं. ओठांकडे. मी बोलते तेव्हा ही नेहमी ओठांकडेच बघते का? की सगळीच मुलं बघतात, आणि आपण दुसऱ्यांच्या मुलांकडे कधी नीट पाहिलेलंच नाही?

हिराइवाकाकू पाण्याचे दोन ग्लास ठेवून गेल्या, मग सुझुसाठी खालच्या फळीवरचा ससा रंगवलेला छोटा वाडगा आणायला परत वळल्या. दुपारचे दोन वाजून गेले होते, दुकानात टॅक्सीवाले ओनो तेवढे होते, कोपऱ्यात, वाडग्यावर ओणवे, आणि त्यांचा भुरका… तो भुरका उभ्या गल्लीला ऐकू गेला असता.

"ओनो, छत खाली येईल," आतून हिराइवाकाका, सुझु ज्यांना आजोबा म्हणायची ते, म्हणाले.

"येऊ द्या. सूप तेवढं झाकून ठेवा."

"आणि तू काय गं कानाए," काकू ससा टेबलावर ठेवत म्हणाल्या, "एवढे कान टवकारून बसलीस? चोर यायचाय का कुणी?"

"नाही हो काकू. असंच."

असंच. तिनं सुझुकडे पाहिलं. सुझुनं ओनोंच्या भुरक्याकडे वळून पाहिलं नव्हतं. म्हणजे ऐकला नाही? की या दुकानात भुरका म्हणजे वळून बघण्यासारखी गोष्टच नव्हे? ती स्वतः तरी कुठे वळली होती! तिच्या वडिलांचा भुरका ओनोंच्या वरताण होता, आणि ते मौजेनं मारत नसत, त्यांना तो ऐकूच येत नसे.

लोखंडी किटल्यांच्या ओतशाळेत वीस वर्षं. घाव, घाव, घाव. चाळिशीतच त्यांच्या कानांत ओतशाळा कायमची वस्तीला आली. आवाजानं गेलेले कान वारशानं येत नाहीत, हे कानाएला माहीत होतं. कॉलेज शिकलेली बाई ती, हे वाचून झालेलं, वेगवेगळ्या ठिकाणी तीनदा वाचून झालेलं. माहीत असण्यानं काय होतं? तिला भीती कानांची नव्हतीच, खरं तर. कानांवर आता यंत्रं मिळतात, छोटी, केसांत झाकली जाणारी… तिला भीती होती ती दोन शब्दांची.

याच टेबलाशी. तेव्हा टेबलावरचा पत्रा हिरवा होता. ती नऊ वर्षांची, रविवार, समोर बाबा. शाळेच्या रिले शर्यतीत शेवटची धाव तिची होती, काठी घेऊन शेवटचा टप्पा पळायला बाईंनी तिला निवडलं होतं, आणि ही गोष्ट तिनं आदल्या दिवसापासून तोंडात गोळीसारखी धरून ठेवली होती. तिनं सांगितलं. बाबा म्हणाले, "काय?" तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. "काय?" तिसऱ्या वेळी ती एवढ्या मोठ्यानं बोलणार होती की काकांचा हात थांबला असता, स्टुलांवरची माणसं वळली असती, आणि ती सगळी गोष्ट अशी ओरडून सांगण्यासारखी राहिलीच नव्हती. ती म्हणाली, "काही नाही." बाबांनी मान हलवली. आपल्या वाडग्यातली माशाच्या वडीची गुलाबी चकरी उचलून तिच्या वाडग्यात ठेवली.

पुढे ते सोपं पडत गेलं. काही नाही, बाबा. काही नाही हो. मग एकदा केव्हातरी बाबांनी "काय?" विचारणंच सोडलं, आणि घरात कुणाला ते कळलंही नाही, इतकं ते सोयीचं होतं.

सुझुला जग "काही नाही" म्हणत जाईल. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतील, कंटाळून, दुकानदार म्हणतील, आणि एक दिवस, दमलेली असताना, मी…

वाडगे आले. काकूंनी कानाएसमोर वाडगा ठेवला, त्यात अर्धं अंडं, बांबूचे कोंब, पातीचा कांदा, कडेला ती चकरी. कानाएनं लहान वाडग्यात थोड्या नूडल्स काढल्या, फुंकर घातली, अंड्याचा तुकडा दिला. सुझु खाऊ लागली, एकेक नूडल वर खेचत, आवाज न करता. भुरका मारायला अजून यायचं होतं तिला. कानाए पाण्याचा ग्लास घ्यायच्या निमित्तानं खाली वाकली आणि ओठ ग्लासाआड लपवून, अगदी हळू, म्हणाली, "चकरी."

काही झालं नाही. डोक्यावर पंखा घरघरत होता. इतक्या घरघरीत मलाच माझा शब्द ऐकू आला नाही, तिला काय येणार? तिनं थोडं वाढवून म्हटलं, "चकरी." सुझुनं मान वर केली. पण त्याच क्षणी काकूही शेजारून फडकं घेऊन गेल्या होत्या. धरायचं की नाही?

आत काकांनी ओनोंच्या दुसऱ्या फेरीच्या नूडल्स जाळीतून काढल्या आणि पाणी झटकलं.

"चार," सुझु म्हणाली.

"काय चार?"

"आजोबांनी चारदा केलं. आपल्या वेळी तीनदा केलं होतं."

कानाए थबकली. तिनं एकही मोजलं नव्हतं. सबंध दुपार कान देऊन बसलेली बाई ती, आणि दहा पावलांवर कुणीतरी पाणी तीनदा झटकतं की चारदा, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला एकदम हसू आलं, घशापर्यंत. आणि मग नजर सुझुसमोरच्या पाण्याच्या स्टीलच्या तांब्यावर गेली. तांब्याच्या फुगीर पोटात सगळं स्वयंपाकघर वाकडं होऊन बसलं होतं, वाफेसकट, काकांच्या हातासकट. ऐकलं की पाहिलं? विचारावं का? ती विचारणार होती, पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"सुझु, सकाळी आई चित्रांची नावं घेत होती ना, दुसऱ्यांदा, तेव्हा तू बोट का ठेवलं नाहीस?"

सुझुनं तोंडातला घास संपवला. "कागद हलत होता."

"कागद?"

"तू बोललीस की हलायचा. असा." तिनं तळहात तोंडासमोर धरून बोटं थरथरवली. "हत्तीला जास्त."

हत्तीला जास्त. कानाएनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं, हत्ती, छत्री, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला काय दिसत होतं ते आपल्याला ठाऊक नाही. चौकोनात भरता येईल असं काही नव्हे. तरी ते हवंहवंसं वाटत होतं.

सुझुला आता काम सुचलं होतं. तिनं व्हिनेगरची बाटली पुढे ओढली, शेजारी चमचा ठेवला, मग रिकामा ग्लास, मिरपुडीचा डबा, आईच्या वाडग्यातली चकरी उचलून बशीत, आणि शेवटी जरा विचार करून आपली टोपी. सहा. पेपर नॅपकिनची पातळ घडी तिनं उलगडली आणि दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली.

"आता तू ओळख."

कागद हलला.

पंखा होता. सूपची रटरट होती, ओनोंचा भुरका होता, बाहेरून एक सायकल गेली तिची साखळी कुरकुरली. शब्द नव्हता.

"काय म्हणालीस?"

कागद पुन्हा हलला, या वेळी जरा जास्त. कानाएनं अंदाजानं चकरीवर बोट ठेवलं. कागदावरून दोन डोळे नाही म्हणाले. तिनं चमच्यावर ठेवलं. नाही.

"काय?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

सुझुनं कागद खाली घेतला आणि आईकडे पाहिलं. रागानं नव्हे, रुसूनही नव्हे. जरा वेळ, जोखत, हिला सांगण्यात अर्थ आहे का असं. ही नजर कानाएनं आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. ती तिला आतून ठाऊक होती, डोळ्यांच्या मागच्या बाजूनं, नऊ वर्षांची असल्यापासून. समोर बसणाऱ्याला ती अशी दिसते तर… एवढी उघडी. म्हणजे बाबांना दिसत होती. दर वेळी. आणि म्हणून ती चकरी…

सुझुचे ओठ उघडले.

"थांब," कानाए घाईनं म्हणाली. "मोठ्यानं नको सांगूस. तसंच सांग, हळू." तिनं हात पुढे केला. "ते रबर दे बघू मला."

सुझुनं मनगटातलं रबर काढून दिलं. कानाएनं कानांवर आलेले केस दोन्ही हातांनी मागे ओढले आणि बांधले, घट्ट. कानांना पंख्याचा वारा लागला.

"अगं कानाए, नूडल्स फुगतायत तुझ्या!" काकू गल्ल्यामागून ओरडल्या.

"हो काकू," ती म्हणाली, पण वळली नाही. ती टेबलावर पुढे झुकली, इतकी की वाडग्याची वाफ हनुवटीला लागली. बाटली, चमचा, ग्लास, डबा, चकरी, टोपी. की यातलं काहीच नाही, भलतंच काही, जे टेबलावर ठेवता येत नाही असं? तिला कल्पना नव्हती. सकाळपासून पहिल्यांदाच तिला काही धरायचं नव्हतं, सोडायचं नव्हतं. फक्त तो शब्द कोणता होता, एवढं हवं होतं, गोळीसारखं, तोंडात पाणी सुटावं इतकं.

सुझुनं कागद पुन्हा वर धरला. तो अजून हलला नव्हता. कानाएनं श्वास रोखला, आपल्या फुंकरीनं हलू नये म्हणून.