बारा दिवसांचा अबोला

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला अख्खी गल्ली घड्याळजी म्हणायची. पक्षाघातानंतर त्यांच्या बायकोची जीभ अडखळायची, म्हणून लाजेने ती फक्त नवऱ्याशीच बोलायची. लेकीने काळजीपोटी पलंगाशेजारी एक डबी आणून ठेवली. आई पडली किंवा ओरडली, तर लेकीच्या फोनवर निरोप जाणार. सोय चांगली, पण त्या दिवसापासून बाईंनी जे मूग गिळले, ते बारा दिवस.

"ती डबी ऐकते म्हणून गप्प आहे," घड्याळजी म्हणाले.

"बाबा, यंत्र आहे ते! कंपनी म्हणते, सगळं सुरक्षित आहे."

"म्हणते ना? दाखवलं का?"

चाळीस वर्षांत गिऱ्हाईकासमोर घड्याळ उघडल्याशिवाय त्यांनी कामाला हात लावला नव्हता. स्वभावाला औषध नाही. दुपारी डोळ्याला भिंग लावून त्यांनी डबीचे चारही स्क्रू काढले. आत ना चाक, ना स्प्रिंग. नुसती एक हिरवी पट्टी. डबी बंद पडली ती पडलीच.

लेक आधी चिडली, मग हसली. "हे भिंगाने दिसत नाही, बाबा. आतला प्रोग्राम वाचावा लागतो." तिने कंपनीकडे तो मागितला. उत्तर आलं, ते आमचं गुपित आहे.

"वा! गुपित त्यांचं, आणि उघड्यावर आम्ही!"

मग लेकीने जुन्या लॅपटॉपवर डबीचंच काम करणारा दुसरा प्रोग्राम घातला. त्याची ओळन् ओळ कुणालाही वाचायला खुली होती.

"तू वाचलास?"

"थोडा. बाकीचा इतरांनी. आवाज दिवसभर साठून राहतो, हे त्यांच्यातल्याच एकीने पकडलं आणि तिनेच दुरुस्तही केलं. आता आई पडली किंवा ओरडली, एवढाच निरोप घराबाहेर जातो."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बायकोला सगळं समजावलं. तिचे ओठ हलले.

"मला... वि... चारलं... नाहीत."

बापलेक खजील झाले. खरंच, एकदाही विचारलं नव्हतं.

"सांग आई, कसं हवं? हा प्रोग्राम आपल्याला बदलता येतो."

आईने तुटक शब्दांत सांगितलं: चालू-बंद करणं माझ्या हातात. लेकीने दुपारभर खपून तसं बटण केलं आणि आईच्या चांगल्या हाताखाली ठेवलं. आईने ते दाबलं. ऐकणं बंद झालं. मग तिने नवऱ्याला जवळ बसवलं आणि लेकीला बाहेर जायची खूण केली.

लेक निमूट उठली आणि जाताना दार लावून गेली.