काकांच्या शेजारची सीट

आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला खाली एक पार्किंग मिळालं आहे. पिवळ्या रेघांचा चौकोन आणि मध्ये फ्लॅटचा नंबर. आमचा चौकोन रिकामा असायला हवा, कारण आमच्याकडे गाडी नाही. प्रत्यक्षात तिथे सगळ्या बिल्डिंगचे पाहुणे गाड्या लावतात, आणि मी खाली दिसलेच तर "तुम्हाला चालेल ना?" असं लावून झाल्यावर विचारतात. फ्लॅट घेतला तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, शहरापासून फक्त वीस मिनिटं. ते खोटं नव्हतं. कशाने वीस मिनिटं, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

गेटबाहेर मोठा रस्ता आहे, त्याला फूटपाथ नाही. कडेला मातीची पट्टी आहे, तिच्यावरून जीव मुठीत धरून चालायचं. दुधाचं दुकान समोर दिसतं, पण मध्ये उंच दुभाजक. पुलाखालून वळसा घालून परत येईपर्यंत चहाची वेळ टळून गेलेली असते. नवरा परगावी कामाला, महिन्यातून एकदा येतो. घरात मी आणि सासूबाई. त्या खिडकीत बसून गाड्या बघतात आणि म्हणतात, "तुरुंगात निदान जेवण तरी आयतं मिळतं."

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत शिवणकाम करते. चादरींना ठिगळं लावायची, गाऊनच्या तुटलेल्या नाड्या बसवायच्या, ऑपरेशनच्या हिरव्या कापडात मधोमध भोक ठेवून त्याची कड दुमडून शिवायची. काम मला आवडतं. अडचण कामाची कधीच नव्हती, कामावर पोचायची होती. तेव्हा आमच्याकडे बस नव्हती. सुरुवातीचे काही महिने मी मातीच्या पट्टीवरून हायवेच्या नाक्यापर्यंत चालत जायचे आणि तिथे जे मिळेल त्यात चढायचे. उशीर झाला की पगार कापला जायचा, आणि उशीर रोज व्हायचा. नोकरी जाणार हे दिसतच होतं.

तेवढ्यात काका देवासारखे धावून आले, असं मला तेव्हा वाटलं. काका चौथ्या मजल्यावरचे. हॉस्पिटलच्या पुढे गोदामं आहेत, त्यातल्या एका गोदामात ते माल मोजून घेणारे मुख्य माणूस. एका सकाळी त्यांची गाडी गेटपाशी थांबली, काच खाली झाली आणि ते म्हणाले, "बस गं. मी रोज तिकडूनच जातो."

दोन वर्षं मी रोज बसले.

फुकटची लिफ्ट म्हणजे काय, ते घेतल्याशिवाय कळत नाही. काकांच्या आधी खाली उतरून उभं राहायचं. त्यांचा रेडिओ ऐकायचा, त्यांची मतं ऐकायची, आणि त्यांना पटतं ते आपल्यालाही पटतं असं दाखवायचं. वाटेत कुठे "जरा थांबता का?" म्हणायचं नाही. त्यांनी रजा घेतली की आपलीही रजा. गाडीत खोकला आला तरी मी गिळायचे. काकू मात्र माझ्यावर फार माया करायच्या. सफरचंदाच्या फोडी, उकडलेली अंडी, कधी नवीन हातरुमाल, काही ना काही काकांच्या हाती माझ्यासाठी यायचं. सासूबाई म्हणायच्या, "इतकी सोय होते माणसाची आणि तुझं तोंड मेलं वाकडंच."

मग काका सिग्नलला विचारायला लागले, "सुटला का गं?" मला वाटलं, बोलायला विषय नाही म्हणून विचारतात. मी सांगायचे, सुटला. पुढे पुढे ते विचारेनासे झाले, कारण मीच आधी सांगायला लागले होते. लाल आहे. पुढे टेम्पो आहे. डावीकडून सायकल येतेय. कशी सवय लागली ते कळलंच नाही. एकदा गाडीतून उतरताना मी त्यांच्याकडे वळून बोलले आणि ते माझ्या कानाकडे बघून उत्तर देत होते.  मी सरळच विचारलं, "काका, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं की," ते म्हणाले. "कडेचं सगळं नीट दिसतं. मधलंच जरा पुसट येतं."

मधलं म्हणजे समोरचा रस्ता. मी त्यांना डॉक्टरांकडे जा म्हटलं. ते म्हणाले, जाऊन आलोय, यावर उपाय नाही, हॉस्पिटलपुढचा रस्ता सरळ आणि मोकळा आहे, आणि तिथवर तू आहेस की. हसले सुद्धा. मी मूग गिळून गप्प बसले, कारण नोकरी जायला नको होती. रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या नाही बसायचं. सकाळी मातीची पट्टी आठवायची आणि मी गाडीत बसून पट्टा लावायचे.

गेल्या महिन्यात एक बाई आमच्या गाडीखाली आलीच होती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालली होती, माझ्यासारखीच कुणीतरी. पुढे खड्डा होता म्हणून ती रस्त्यावर आली, बरोबर मधोमध. मी तेव्हा माझ्या पर्समध्ये रुमाल शोधत होते. मान वर केली आणि किंचाळून हँडब्रेक ओढला. गाडी तिच्या पिशवीला लागून थांबली. कांदे रस्त्यावर घरंगळले. तिने आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्यातली एकही चुकीची नव्हती.

"काय झालं?" काकांनी मला विचारलं. त्यांना ती दिसलीच नव्हती.

त्या दिवशी मी उसवायचं ते शिवत होते आणि शिवायचं ते उसवत होते. मी एका रुमालासाठी नजर खाली घालायची नाही, असं किती दिवस चालणार होतं?

आणि मग एकदाची बस सुरू झाली. गेटवर कागद चिकटवला होता: सोसायट्यांपासून थेट हॉस्पिटलपर्यंत. मी तो कागद उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचला. वॉचमन म्हणाला, "ताई, लॉटरी लागली काय?" लागलीच होती. खिडकीजवळची जागा, शेजारी कुणी अनोळखी, आणि सिग्नल लाल की हिरवा याच्याशी मला काही देणंघेणं नाही. एवढंच मला हवं होतं आयुष्याकडून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी लागल्यावर मी काकांना सांगितलं, उद्यापासून मी बसने जाईन.

"बरं झालं. तुझी सोय झाली," ते म्हणाले.

"काका, तुम्हीही चला बसने. हॉस्पिटलपासून रिक्षा मिळते."

"मला काय झालंय? पंधरा वर्षांचा रस्ता आहे. डोळे मिटून जाईन."

मला हसूही आलं नाही. काका गाडी पुसत खालीच थांबले आणि मी तशीच लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेले. काकू काकांच्या शर्टाला इस्त्री करत होत्या. मी धीर गोळा करून म्हटलं, "काकू, काकांना समोरचं दिसत नाही. मी नसेन तर कुणीतरी मरेल."

काकूंनी इस्त्री उभी ठेवली. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही, आणि तिथेच मला सगळं कळलं.

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू गेटवरून चालत जायचीस ना, तेव्हापासून. मी खिडकीतून बघायचे. मीच ह्यांना म्हटलं, त्या बिचारीला घेत जा. तुझीही सोय आणि आमचीही." मग कॉलर सरळ करत म्हणाल्या, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. ते घरी बसले तर खचतील गं. आणि गाडी गेली तर आम्ही म्हातारा-म्हातारी इथे करायचं काय? तू तर बघतेस, दूध आणायचं म्हटलं तरी गाडी लागते."

म्हणजे गाडीत मी बसले नव्हते, मला बसवलं होतं. त्या सफरचंदाच्या फोडी माझ्या घशात आल्या. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता, आणि वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं मला समजतही होतं.

"काकू, उद्या मी बसने जाणार आहे."

"मग उद्या काही झालं तर..." त्या म्हणाल्या. शर्टाची बाही पसरली आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागल्या.

सकाळी मी बसमध्ये चढले. अगदी शेवटची, मागच्या काचेजवळची जागा मिळाली. शेजारी एक मुलगी कानात काहीतरी घालून डोळे मिटून बसली होती. पहिल्या सिग्नलला माझ्या तोंडून "लाल" निघालंच, पण ते कुणी ऐकलं नाही. मला इतकं हलकं वाटत होतं की मी पाय लांब केले. मग सहज मागे बघितलं.

मागे काकांची गाडी होती. बसला जवळजवळ चिकटून. शेजारची सीट रिकामी होती आणि काका मान जराशी वाकडी करून बसकडे बघत होते. बस स्टॉपवर थांबली की ते थांबायचे. बस निघाली की निघायचे. मागून हॉर्न वाजत होते, तरी ते बसला सोडत नव्हते. एवढी मोठी लाल पाठ त्यांना कडेकडेने दिसत असणार. आज तीच त्यांना रस्ता दाखवत होती.

मी स्वतःला सांगितलं, चांगलं झालं, मार्ग काढला त्यांनी. पण पाय पुन्हा जवळ घेतले. पुढची सगळी वाट मी मागे मान वळवूनच बसले, मानेला रग लागेपर्यंत.

हॉस्पिटलपाशी बस वळते आणि आत फाटकातून जाते. गोदामाचा रस्ता सरळ पुढे. मी मनात म्हणत होते, सरळ जा काका, सरळ जा. बस वळली. काकाही वळले.

आतल्या आवारात बस सोडून बाकी गाड्यांना बंदी आहे, तिथे सगळी माणसंच माणसं. लोक उतरले आणि बसच्या मागून, म्हणजे काकांच्या गाडीसमोरून, पलीकडे जायला लागले. एक म्हातारा चाकाच्या खुर्चीत, त्याला ढकलणारा माणूस, पाठोपाठ बाळ घेतलेली बाई. मी लोकांना कोपरांनी बाजूला सारत खाली उतरले आणि धावले. बसचं इंजिन घुरघुरलं, बस हलली. बस हलली म्हणजे काका हलणार. खुर्ची अजून अर्ध्यावर होती. मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले, बरोबर मधोमध, जिथे त्यांना काही दिसत नाही तिथे, आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

गाडी हलली. माझ्या गुडघ्यांना बंपर लागला आणि मी एक पाऊल मागे सरकले. मग मी तळव्यांनी बॉनेट बडवायला लागले. आत काका समोर बघत होते, म्हणजे माझ्याकडेच, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग आवाज त्यांच्यापर्यंत पोचला असावा. गाडी धक्का खाऊन थांबली.

काच खाली झाली. "कोण आहे?"

"मी आहे काका."

"तू? तू बसमध्ये होतीस ना?" त्यांनी मान फिरवून कडेने बघायचा प्रयत्न केला. "हे गोदाम नाही वाटतं."

"हॉस्पिटल आहे. गाडी बंद करा. चावी द्या माझ्याकडे."

मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी चावी काढली आणि माझ्या हाताच्या जरा बाजूला धरली. मी ती घेतली.

"काकूला सांगू नकोस," ते म्हणाले.

"त्यांना माहीत आहे."

"कधीपासून?"

मी सांगितलं. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. हॉस्पिटलचा वॉचमन शिट्टी वाजवत आला, त्याला मी समजावलं, आणि चार जणांनी गाडी ढकलून भिंतीला लावली. काकांना मी लॉन्ड्रीत नेलं, घड्या घालायच्या टेबलाजवळ स्टुलावर बसवलं. समोर उश्यांच्या अभ्र्यांचा ढीग होता. थोड्या वेळाने त्यांनी न सांगताच एक अभ्रा उचलला, बोटांनी त्याची कड चाचपली आणि घडी घातली.

मी बाहेर जाऊन काकूंना फोन केला. काका ठीक आहेत, गाडी इथेच आहे, चावी माझ्याकडे आहे आणि ती मी देणार नाही, असं एका दमात सांगून टाकलं.   मग त्या म्हणाल्या, "ते घरी कसे येणार?"

"माझ्याबरोबर. बसने."

"आणि उद्या?"

मला म्हणायचं होतं, उद्याचं तुमचं तुम्ही बघा, मी तुमची कोण लागते? ते शब्द तोंडात तयार होते. दारातून मला काका दिसत होते, अभ्रे एकावर एक रचत होते, आणि मला रडू आलं, रागानेच आलं.

"उद्या वेळेवर खाली पाठवा त्यांना," मी म्हटलं. "बस कुणासाठी थांबत नाही."