माझ्या सिस्टिममधली फट

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर महेंद्रदादाच्या सायबर कॅफेत तीन नंबरच्या केबिनमध्ये बसायचो. माझे पार्ट उल्हासनगरच्या मार्केटमधले, आणि सिस्टिम कॉपी केलेल्या सीडीवरची. त्यात लाजायचं काय? तेव्हा बऱ्याच जणांची तशीच असायची.

दादा माझे लाड खूप करायचा. रोज फडकं मारायचा. दसऱ्याला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचा. पण माझ्या सिस्टिममध्ये एक फट होती. त्या फटीतून नेटवरनं कोणीही आत घुसू शकत होतं. ती बुजवायचं अपडेट आलं, तेव्हा केबलनेटवाला प्रेम स्वतः फ्लॉपी घेऊन आला.

"नको बाबा!" दादा म्हणाला. "आपला माल कॉपीचा. अपडेट मारलं की मशीन लॉक."

"कोण बोललं?"

"मार्केटमध्ये सगळे बोलतात."

माझं डोकं असलं तापलं! पण मी बोलणार कसा?

महिन्याभराने, दोन हजार तीनच्या ऑगस्टात, भावना आली. तिच्या बाबांची फॅक्टरी बंद पडलेली. एका ऑफिसात तिला नोकरीचा चान्स होता, फक्त बायोडेटा पाचच्या आत मेल करायचा होता. साडेचार झालेले. तिने मेल उघडला आणि माझ्या स्क्रीनवर पाटी आली: साठ सेकंदांत सिस्टिम बंद होईल. एकोणसाठ. अठ्ठावन्न.

"दादा, हे काय?"

"काय नाय गं, होईल परत चालू."

झालो चालू. नेट लागलं, परत तीच पाटी. नेटची वायर काढली की मी ठणठणीत, लावली की खल्लास. सगळ्या एरियात एकच केबल, सगळीकडे त्या फटीतून घुसलेला तोच व्हायरस. बाजूच्या कॅफेतही बोंबच.

"दुसऱ्या मशीनवर बस."

"चारही मशीन बंद पडतायत, दादा! दिसत नाही का?"

मग कुठे दादाने प्रेमला फोन लावला. तो दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हेच निस्तरत होता. धापा टाकत आला, तेव्हा पाचला चार मिनिटं कमी.

"महिन्याभरापूर्वी आणलेली तीच फ्लॉपी. लॉक होईल ना? बघ आता," असं म्हणून त्याने फ्लॉपी आत ढकलली. अपडेट बसलं. मी रिस्टार्ट झालो, पण इतक्या सावकाश, की माझा मलाच राग आला. लॉकबिक काही झालं नाही. मेल गेला, तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावरच उत्तर वाचलं. उमेदवारांची यादी पाचलाच बंद झाली होती.

"भावना, मला वाटलं..."

"फ्लॉपी महिन्याभरापूर्वी आलेली ना, दादा?"

दादा फडकं घेऊन माझी स्क्रीन पुसायला लागला.

मित्रांनो, मशीनमध्ये खोट आहे असं कळलं, तर त्याच दिवशी दुरुस्त करा. भीती वाटली तर माहितगाराला विचारा, ऐकीव गोष्टींवर बसू नका. त्या दिवशी मी दहा वेळा बंद पडलो आणि दहा वेळा चालू झालो. भावनाचे पाच मात्र एकदाच वाजले.