मला दोघेही भरवत होते

मित्रांनो, मी एक जुना मनीप्लांट आहे. बदलापूरला, कात्रपमधल्या एका घराच्या खिडकीत राहतो. या घरातल्या लेकीने, अक्षदाने, मैत्रिणीकडून माझी एवढीशी फांदी आणली, पाण्याच्या बाटलीत ठेवली आणि मुळे फुटल्यावर कुंडीत लावली. मी गजांवरून थेट पडद्याच्या दांडीपर्यंत चढलो. "काय छान वाढलाय!" असे पाहुणे म्हणत आणि मला अभिमान वाटे.

मग अक्षदा शिकायला नागपूरला गेली. "आई, पप्पा, याच्याकडे लक्ष द्या हं," एवढे सांगून गेली.

घर सुने झाले. तिची आई कुंदाताई रोज सकाळी पाण्यात खत कालवून मला पाजू लागल्या. वडील कैलासराव आनंदनगरच्या कारखान्यातून आले की मातीत दाणेदार खत टाकत. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. पुडीवरचे प्रमाण तर कोणीच वाचले नाही.

मातीवर पांढरी खपली धरली. पानांची टोके करपली. मुळे अशी भाजली की भोवती पाणी असूनही मला पिता येईना. मी सुकतोय असे पाहून दोघांनीही खत वाढवले!

एका रविवारी अक्षदाने व्हिडिओ कॉलवर मला पाहिले.

"आई, याला काय झालं?"

"अगं, रोज खत घालते, तरी सुकतोय."

"तू पण घालतेस?" कैलासराव चमकले. "मी पण घालतो ना!"

कुंदाताईंनी माझे करपलेले पान हातात घेतले. "तुझं एवढं एक झाड, तेही मारलं का गं आम्ही?"

"नाही गं. बाथरूममध्ये नेऊन भरपूर पाणी सोडा, खालून वाहून जाऊ दे. आणि आता याला काही भरवू नका. मला पण असंच वाढता तुम्ही!"

तिघेही हसले. कैलासरावांनी खपली खरवडली, कुंदाताईंनी हळूहळू पाणी सोडले. मग बरेच दिवस मी नुसता पडून होतो. एका सकाळी माझ्या पेरातून कोवळी गुंडाळी डोकावली.

"कुंदा, लवकर ये, पान आलंय!" कैलासराव ओरडले.

मित्रांनो, पोट भरले हे आम्हाला सांगता येत नाही. म्हणून पुडीवर लिहिले आहे त्याहून थोडे कमीच खत घाला, तेही ओल्या मातीत आणि आम्ही वाढत असतानाच. आजारी झाडाला तर मुळीच नको. घरातल्यांना आधी विचारा. आणि फारच माया दाटून आली, तर ओल्या फडक्याने आमची पाने पुसा. तेवढ्याने आम्हाला पुष्कळ बरे वाटते.